बीटी फवारण्याआधी: अळीनुसार जिवाणूचा वाण कसा निवडावा आणि डब्यात त्याची परीक्षा कशी घ्यावी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ‘बीटी’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एक म्हणजे कपाशीचे बियाणे आणि दुसरा म्हणजे कृषी सेवा केंद्रात मिळणारी, पाण्यात कालवून फवारायची भुकटी. दोन्हींच्या मुळाशी बॅसिलस थुरिन्जिएन्सिस हा एकच जिवाणू आहे. मी येथे लिहिणार आहे ते भुकटीविषयी, कारण आपल्याकडे कपाशी फारशी नाही, मात्र कोबी, फ्लॉवर, मका, सोयाबीन, हरभरा आणि टोमॅटो भरपूर आहेत, आणि त्यांवरील अळ्यांसाठी ही भुकटी वर्षानुवर्षे विकली जाते. ती पुष्कळदा वाया जाते, आणि मग दोष जिवाणूला दिला जातो.

माझे स्वतःचे पहिले पाकीट असेच वाया गेले. कोरेगाव तालुक्यात आमच्या कोबीवर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळ्यांनी पानांची चाळण केली होती. मी जवळच्या दुकानातून पाकीट आणले, ते भर उन्हाळ्यात पत्र्याच्या छताखालच्या फळीवर किती महिने पडून होते हे विचारले नाही, सकाळी अकरा वाजता विहिरीच्या पाण्यात कालवले, त्यातच करप्यासाठी ताम्रयुक्त बुरशीनाशक मिसळले आणि पूर्ण वाढ झालेल्या अळ्यांवर फवारले. तिसऱ्या दिवशी अळ्या तशाच होत्या. या एका फवारणीत मी किती चुका केल्या होत्या, हे पुढे डब्यातील चाचणी करू लागल्यावर एकेक करून उलगडत गेले, आणि त्यातली प्रत्येक चूक शेवटी जिवाणूच्या जनुकाशी व त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाशी जाऊन भिडत होती. म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

अळी मरते ती कशाने

हा जिवाणू मातीत, पानांवर आणि धान्याच्या कोठारातील धुळीतही आढळतो. जपानमध्ये १९०१ साली इशिवाता यांना तो आजारी रेशीमकिड्यांमध्ये सापडला, आणि १९११ साली जर्मनीतील थुरिन्जिया प्रांतात बर्लिनर यांनी तो पिठातील पतंगाच्या अळीतून वेगळा केला. त्या प्रांतावरूनच त्याचे नाव पडले. अन्न संपत आले की हा जिवाणू वाढ थांबवून बीजाणू तयार करतो, आणि त्याच वेळी पेशीत बीजाणूच्या शेजारी प्रथिनाचा एक स्फटिक साठवतो. अळीला बाधतो तो मुख्यतः हा स्फटिक. त्यातील प्रथिनांना क्राय प्रथिने म्हणतात आणि ती बनवण्याची सूचना ज्या जनुकांत असते त्यांना क्राय जनुके. ही जनुके बहुतेक वेळा जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिड नावाच्या वेगळ्या, गोलाकार डीएनएवर असतात, ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे गुळाच्या ड्रमचा विषय येईल तेव्हा ती पुन्हा लागेल.

स्फटिक जसाच्या तसा निरुपद्रवी असतो. पतंगवर्गीय अळीच्या मधल्या आतड्यातील रस अत्यंत अल्कधर्मी, म्हणजे सामू साधारण ९ ते ११ इतका असतो. तेथे स्फटिक विरघळतो, अळीचीच पाचकद्रव्ये त्या मोठ्या प्रथिनाचा जवळजवळ अर्धा भाग कापून टाकतात आणि उरलेला तुकडा विषारी ठरतो. हा तुकडा आतड्याच्या पेशींवरील ठरावीक ग्राहक प्रथिनांना चिकटतो आणि पेशीच्या आवरणात छिद्रे पाडतो. पेशी पाण्याने फुगून फुटतात. अळी काही तासांत खाणे सोडते आणि साधारण दोन ते चार दिवसांत मरते. आतड्याची भिंत तुटल्यावर बीजाणूही शरीरात शिरून वाढतात आणि तिचा शेवट लवकर करतात. माणसाच्या जठरात आम्ल असते आणि आपल्या आतड्यात हे ग्राहक नसतात, म्हणून हे विष आपल्याला लागू पडत नाही. तरीही भुकटी नाकातोंडात व डोळ्यांत जाऊ नये म्हणून मास्क आणि चष्मा वापरावाच.

चिकटण्याची ही पायरी कुलूप-किल्लीसारखी आहे. ज्या किडीच्या आतड्यात जुळणारे ग्राहक नाहीत, तिने ते प्रथिन कितीही खाल्ले तरी तिला काही होत नाही. मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि द्राक्षावरील पिठ्या ढेकूण यांच्यावर फवारलेल्या बीटीचा उपयोग नाही, याला दुसरेही साधे कारण आहे: ते पानाच्या आतला रस शोषतात, त्यामुळे पानावरचा स्फटिक त्यांच्या पोटात जातच नाही.

पाकिटावरचे नाव कसे वाचावे

प्रत्येक जनुकाला पत्त्यासारखे नाव असते. क्राय१एसी या नावात ‘१’ हा जिल्हा समजावा, ‘ए’ हा तालुका आणि ‘सी’ हे गाव. दोन प्रथिनांची रचना ४५ टक्क्यांहून कमी जुळत असेल तर पहिला आकडा वेगळा दिला जातो, ७८ टक्क्यांहून कमी जुळत असेल तर पुढचे अक्षर बदलते आणि ९५ टक्क्यांहून कमी असेल तर त्यापुढचे. ही नावे पाकिटावर क्वचितच छापलेली असतात. मात्र उपप्रजातीचे नाव किंवा सिरोटाइप (जिवाणूच्या बाह्य रचनेवरून पाडलेला गट) छापलेला असतो, आणि त्यावरून आत कोणती जनुके असणार याचा अंदाज येतो.

कुर्स्टाकी, सिरोटाइप एच-३ए, ३बी, हा आपल्या बाजारात सहज मिळणारा वाण आहे. त्यात क्राय१एए, क्राय१एबी, क्राय१एसी आणि क्राय२ए या गटांतील जनुके असतात. कोबीवरील चौकोनी ठिपक्यांचा पतंग, हरभरा व तुरीवरील घाटे अळी, सोयाबीनवरील उंट अळी यांच्यासाठी तो योग्य आहे. स्पोडोप्टेरा गटातील अळ्या मात्र, म्हणजे सोयाबीनवरील तंबाखूची पाने खाणारी अळी आणि २०१८ साली भारतात येऊन मक्यावर पसरलेली अमेरिकन लष्करी अळी, क्राय१एसीला दाद देत नाहीत असे म्हणायला हरकत नाही. त्यांच्यासाठी ऐझावाई हा सिरोटाइप एच-७ चा वाण अधिक उपयोगी असतो, कारण त्यात क्राय१सी हे जनुक असते. तरीही मक्यावर कुर्स्टाकीच वापरावे लागले, तर अंड्यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या, पानावर पांढुरके चट्टे पाडणाऱ्या अळ्यांवरच वापरावे. पोंग्यात भुशासारखी विष्ठा दिसू लागल्यावर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

इस्रायलेन्सिस, सिरोटाइप एच-१४, हा वाण डासांच्या अळ्यांसाठी आहे. त्यातील क्राय४, क्राय११ आणि सायट१ ही प्रथिने साचलेल्या पाण्यात काम करतात. कोबीवर तो फवारणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. टेनेब्रिओनिस या वाणात क्राय३ असते व ते पाने खाणाऱ्या काही भुंगेऱ्यांवर चालते. उसातील हुमणीचा प्रश्न मला कराड आणि वाळवा भागातून सर्वाधिक विचारला जातो. हुमणीवर क्राय८ गटातील प्रथिने परिणाम करतात हे प्रयोगशाळेत दाखवले गेले आहे, परंतु दुकानातील कुर्स्टाकीत ते जनुक नाही, म्हणून ते उसाच्या मुळाशी ओतण्यात अर्थ नाही. हुमणीसाठी मेटारायझियम बुरशी शेणखतात मिसळून जमिनीत देणे हाच जैविक मार्ग धरावा.

जनुक असले म्हणजे विष तयार होतेच असेही नाही, आणि प्रयोगशाळेतून पीसीआर या जनुक शोधण्याच्या चाचणीचा अहवाल आणणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे आवर्जून सांगतो. कुर्स्टाकीच्या एचडी-१ या जगभर वापरल्या जाणाऱ्या वाणात क्राय२एबी हे जनुक आहे, पण त्याच्यापुढे काम सुरू करणारा डीएनएचा भाग नसल्यामुळे ते मुके राहते. याच गटातील जनुक पुढे कपाशीत क्राय१एसीच्या जोडीला घालण्यात आले आणि भारतात २००६ पासून त्या बियाण्याची लागवड झाली. पीसीआर फक्त सूचना लिहिलेली आहे का ते सांगतो. त्या सूचनेनुसार प्रथिन बनले का, आणि ते माझ्या शिवारातील अळीला लागू पडते का, याचे उत्तर अळीच देते.

डब्यातील चाचणी

ही चाचणी कोबीसाठी सांगतो, कारण चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळ्या एकत्र ठेवल्या तरी एकमेकींना खात नाहीत. घाटे अळी आणि लष्करी अळी यांच्यासाठी हीच पद्धत चालते, परंतु त्या एकमेकींना फाडून खातात, म्हणून प्रत्येक अळी औषधाच्या लहान कपात वेगळी ठेवावी लागते. हे न केल्यास सकाळी दहापैकी चारच अळ्या उरतात आणि श्रेय विनाकारण बीटीला मिळते.

झाकणाचे दहा पारदर्शक डबे घ्यावेत, झाकणाला टाचणीने बारीक भोके पाडावीत आणि तळाशी टिश्यू कागद अंथरावा. किमान दोन आठवडे कोणतेही औषध न मारलेल्या कोबीची मधली पाने आणून, स्वच्छ पाण्याने धुऊन, त्यांचे वाटीच्या तोंडाएवढे गोल तुकडे कापावेत. लेबलवरील मात्रेने एक लिटर द्रावण तयार करावे. भुकटी असेल तर ही मात्रा बहुधा लिटरला एक ते दोन ग्रॅमच्या आसपास असते, पण आपल्या पाकिटावर जे छापले आहे तेच प्रमाण मानावे. कोबीचे पान मेणचट असल्याने द्रावणात स्टिकरचे, म्हणजे द्रावण पानाला चिकटवणाऱ्या द्रव्याचे, दोन-तीन थेंब घालावेत. दुसऱ्या भांड्यात नुसते पाणी घेऊन त्यातही तेवढेच स्टिकर घालावे, कारण काही वेळा अळीला स्टिकरच त्रासदायक ठरते आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजे.

पानाचे तुकडे दहा सेकंद बुडवून सावलीत दोरीवर टांगून तासभर वाळू द्यावेत. पाच डब्यांत बीटीची पाने आणि पाच डब्यांत पाण्याची पाने ठेवावीत, डब्यांवर मार्करने खूण करावी आणि प्रत्येक डब्यात मऊ ब्रशने दहा-दहा लहान अळ्या सोडाव्यात. तांदळाच्या दाण्याहून लहान, एकाच आकाराच्या अळ्या निवडाव्यात, आणि त्यांना आधी तीन-चार तास उपाशी ठेवावे. डबे घरातच, उन्हापासून दूर ठेवावेत. ज्या खोलीत डासांची अगरबत्ती किंवा लिक्विड लावले जाते तेथे डबे ठेवू नयेत. एकदा माझ्या पाण्याच्या डब्यांतील निम्म्या अळ्या रात्रीतून मेल्या आणि त्याचे कारण शोधता शोधता मी उशाच्या अगरबत्तीपर्यंत पोहोचलो.

चोवीस तासांनी झाकण उघडल्यावर मेलेल्या अळ्या मोजण्याची घाई करू नये; आधी पान आणि टिश्यू पाहावा. पाण्याच्या डब्यात पानावर पातळ, काचेसारख्या खिडक्या पडलेल्या दिसतात, खाली हिरव्या, ओलसर विष्ठेचे बारीक कण पसरलेले असतात, आणि अळीला ब्रशचा केस लावताच ती उलट्या दिशेने वळवळत मागे सरते व धाग्याला लोंबकळते. बीटीच्या डब्यात पानाच्या कडेला चारदोन ओरखडे असतात, टिश्यूवर जवळजवळ काही नसते, आणि अळी जिवंत असली तरी केस लावल्यावर फक्त डोके हलवते. दुसऱ्या दिवशी ती आक्रसते, तिचा हिरवा रंग मळकट होतो, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत तपकिरी-काळी, लिबलिबीत होऊन पानाला चिकटलेली सापडते. केसाने डिवचल्यावर अजिबात न हलणारी अळीच मृत धरावी आणि ७२ तासांनी अंतिम मोजणी करावी.

आता हिशेब. समजा बीटीच्या पन्नास अळ्यांपैकी ४१ मेल्या, म्हणजे ८२ टक्के. आणि पाण्याच्या पन्नासपैकी ५ मेल्या, म्हणजे १० टक्के. पाण्यात मेलेल्या अळ्या बीटीने मेलेल्या नाहीत, म्हणून ८२ मधून १० वजा करून उरलेल्या ७२ ला, १०० वजा १० म्हणजे ९० ने भागावे. उत्तर ८० टक्के येते. हे सूत्र ॲबट यांनी १९२५ साली मांडले आणि आजही सर्वत्र वापरले जाते. पाण्याच्या डब्यात २० टक्क्यांहून अधिक अळ्या मेल्या तर ती चाचणी रद्द करून पुन्हा घ्यावी.

माझ्या अनुभवात बहुतेक अपयशी पाकिटे येथेच पकडली जातात. दोनशे रुपयांचे पाकीट डब्यात नापास होणे आणि एकरभर कोबी हातचा जाणे, यांत तीन दिवस थांबण्याची किंमत मला कधीही जास्त वाटली नाही.

फवारणी

पाण्यापासून सुरुवात करावी. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात, विशेषतः वाळवा, पलूस आणि मिरज तालुक्यांत, अनेक विहिरी व बोअरचे पाणी अल्कधर्मी असते. अल्कधर्मी रसात स्फटिक विरघळतो हे आपण वर पाहिले. ते अळीच्या पोटात व्हायला हवे, पंपाच्या टाकीत नव्हे. सामू तपासण्याची कागदी पट्टी कोणत्याही प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानात मिळते. पाण्याचा सामू ८ च्या वर निघाला, तर सायट्रिक ॲसिड चिमूटचिमूट घालत तो ७ च्या जवळ आणावा आणि मगच भुकटी घालावी. याच कारणाने चुना असलेले बोर्डो मिश्रण बीटीबरोबर कधीही मिसळू नये, आणि स्ट्रेप्टोमायसीनयुक्त जिवाणूनाशक व ताम्रयुक्त औषधेही त्याच टाकीत घालू नयेत, कारण ती बीजाणूंच्या मुळावर उठतात. द्राक्षाची सवय असलेल्या तासगावकडील मित्रांना एका टाकीत तीन-चार औषधे घालण्याचा मोह होतो. येथे तो आवरावा.

भुकटी आधी तांब्याभर पाण्यात पातळ पेस्ट करून मग टाकीत ओतावी आणि फवारताना टाकी अधूनमधून हलवावी, कारण स्फटिक तळाशी बसतात. कालवलेले द्रावण त्याच संध्याकाळी संपवावे.

वेळ संध्याकाळचीच असावी. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण स्फटिक आणि बीजाणू दोन्ही निकामी करतात, आणि उघड्या पानावर बीटीचा प्रभाव काही दिवसांतच ओसरतो. ऊन कलल्यावर फवारल्यास अळीला रात्रभर खायला मिळते, आणि तिने खाल्ल्याशिवाय हे औषध काम करतच नाही. स्पर्शजन्य विषासारखे ते अळीच्या अंगावर पडून उपयोगाचे नाही. म्हणून पानांच्या खालच्या बाजूला बारीक थेंबांचा फवारा पोहोचणे सर्वांत महत्त्वाचे. कोबीत गड्डा भरण्याआधी, हरभऱ्यात अळी घाट्यात शिरण्याआधी आणि मक्यात थेट पोंग्यात फवारा द्यावा. जोराचा पाऊस झाला तर फवारणी पुन्हा करावी लागते. एरवी नवीन अंडी दिसत असतील तर पाच ते सात दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अळ्या जिवंत दिसतील, आणि नेमक्या याच क्षणी बहुतेक जण दुकानात जाऊन कडक रासायनिक औषध आणतात. तसे करू नये. डब्यात पाहिले तेच शेतात पाहावे: पोंग्यातील किंवा पानावरील विष्ठा ताजी, ओली, हिरवी आहे की वाळून पांढुरकी पडली आहे? वाळलेली असेल तर अळीचे खाणे थांबले आहे आणि पिकाचे नुकसानही थांबले आहे.

गुळाचा ड्रम

पाकीटभर बीटी दोनशे लिटर पाण्यात गूळ घालून दोन दिवस वाढवावे, असा सल्ला गावोगाव फिरतो. गूळ आपल्याकडचाच, ड्रम घरचाच, त्यामुळे तो पटतोही. त्यात तीन अडचणी आहेत. क्राय जनुके मुख्यतः जिवाणू बीजाणू तयार करू लागल्यावरच काम सुरू करतात. गोड पाण्यात जिवाणू नुसता वाढत राहिला तर संख्या वाढते, स्फटिक वाढत नाही. दुसरे म्हणजे ही जनुके प्लाझ्मिडवर असतात, आणि पिढ्यानपिढ्या वाढवताना, विशेषतः उष्णतेत, जिवाणू प्लाझ्मिड गमावू शकतो. प्रयोगशाळेत ४२ अंशांवर वाढवून प्लाझ्मिड मुद्दाम काढून टाकले जाते, आणि एप्रिलमध्ये उन्हात ठेवलेला ड्रम त्या तापमानापासून फार दूर नसतो. प्लाझ्मिड गेलेला जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली तसाच दिसतो, पण अळीसाठी तो बिनविषारी असतो. तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे. उघड्या ड्रममध्ये हवेतील आणि पाण्यातील इतर जिवाणू वाढतात, त्यात याच कुळातील, अन्नविषबाधा करणारा बॅसिलस सिरियस असू शकतो, आणि ते पाणी आपण खाण्याच्या भाजीवर मारत असतो. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी ड्रममधील पाण्याची वरीलप्रमाणे डब्यात परीक्षा घ्यावी; मी दोनदा घेतली, आणि दोन्ही वेळा अळ्या तिसऱ्या दिवशी पान खात होत्या.

तुतीच्या शेजारी

रेशीमकीटक हीदेखील पतंगाचीच अळी आहे, आणि हा जिवाणू पहिल्यांदा सापडला तोच मुळी आजारी रेशीमकिड्यांत. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत तुतीची लागवड करणारे शेतकरी आहेत. शेजारी तुती असेल तर त्यांच्याशी बोलल्याशिवाय बीटी फवारू नये, वारा त्या दिशेने वाहत असताना तर मुळीच नाही, आणि पंप धुतलेले पाणीही त्या बांधाकडे सोडू नये. मधमाश्या, लेडीबर्ड भुंगेरे आणि ट्रायकोग्रामासारखे मित्रकीटक यांना मात्र या फवारणीपासून भीती नाही, आणि मी बीटीकडे वळण्याचे ते एक मोठे कारण आहे.

प्रतिकारशक्ती

उघड्या शेतात फवारलेल्या बीटीला दाद न देणारी पहिली कीड म्हणून नोंद झाली ती कोबीवरील याच पतंगाची, हवाई बेटांवर, १९९० साली. भारतात कपाशीतील गुलाबी बोंडअळीने आधी क्राय१एसी आणि नंतर क्राय२एबीही पचवले. म्हणून एका हंगामात बीटीवरच भिस्त ठेवू नये: लागवडीपासून कामगंध सापळे लावावेत, अंडी दिसताच पाच टक्के निंबोळी अर्क द्यावा, कोबीभोवती मोहरीच्या ओळी सापळा पीक म्हणून घ्याव्यात, आणि घाटे अळीवर बीटीच्या जोडीला एचएएनपीव्ही हा विषाणू आलटून-पालटून वापरावा. सोयाबीनवर पावसाळी, दमट हवेत अळ्या पांढऱ्या होऊन पानाला कडक चिकटलेल्या दिसल्या, तर ती नोमुरिया बुरशीची नैसर्गिक साथ आहे. अशा वेळी बुरशीनाशकाची फवारणी शक्य तेवढी पुढे ढकलावी.

डब्यातील चाचणीचे आकडे वहीत तारीख, पाकिटाचा बॅच क्रमांक आणि शिवाराच्या नावासह लिहून ठेवावेत. ताज्या, नीट साठवलेल्या पाकिटाने, त्याच मात्रेने, गेल्या वर्षी ८५ टक्के अळ्या मरत होत्या आणि यंदा ६० टक्केच मरत असतील, तर दुसऱ्या बॅचचे पाकीट आणून चाचणी पुन्हा करावी. आकडा तेवढाच आला तर त्या शिवारात त्या हंगामापुरते बीटी थांबवावे, आणि वही घेऊन बोरगावच्या किंवा आपल्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील कीटकशास्त्रज्ञांना भेटावे.